पडद्यावरचे पाप-पुण्य कुणाचे?

व्हिडिओ गेममधला नैतिक निर्णय म्हणजे कथेने खेळाडूसमोर टाकलेला पेच. कोणतीही वाट धरली तरी खेळ पुढे जातो. मात्र कुणाचे भले होणार, कुणाचा घात होणार आणि गोष्ट कुठे जाऊन थांबणार हे त्या वाटेवर ठरते. शरण आलेल्या शत्रूला सोडायचे की मारायचे, उपाशी माणसांत अपुरे अन्न कसे वाटायचे, सोबत्याचे गुपित राखायचे की पैशासाठी विकायचे, असे पेच आज जगभर असंख्य लोक फावल्या वेळात सोडवत असतात. मग साहजिकच विचारले जाते, की पडद्यावर निर्दयपणे वागणारा माणूस मनातूनही तसाच असतो का? आणि पडद्यावर सदैव उदार राहणारा प्रत्यक्षातही उदार असतो का? मानसशास्त्र आणि संज्ञापन या क्षेत्रांतल्या अभ्यासकांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत या प्रश्नाचा चांगलाच पाठपुरावा केला आहे. त्यातून हाती आलेले उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात मावणारे नाही, पण ते मोघमही नाही.

खेळात नीती आणण्याची कल्पना जुनी आहे. परंपरेने संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेल्या मोक्षपटात सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असत. पण सोंगटी कुठल्या घरात जाणार हे कवड्यांचे दान ठरवी. खेळणाऱ्याला निवड नव्हती, त्यामुळे त्याच्या मनाचा ठावही त्यातून लागत नसे. संगणकावरच्या खेळांत ही निवड ठळकपणे आली ती १९८५ साली, रिचर्ड गॅरियट या अमेरिकी गेम डिझायनरच्या ‘अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’मध्ये. आधीच्या गेमविषयी आलेली पत्रे वाचताना गॅरियटच्या लक्षात आले होते, की जिंकण्यासाठी लोक वाटेतल्या गावकऱ्यांना लुटतात, मारतात आणि शेवटी खलनायकाचा पाडाव करून वीर म्हणून मिरवतात. नव्या गेममध्ये त्याने असा शेवटचा खलनायकच ठेवला नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, इभ्रत, अध्यात्म आणि नम्रता या आठ गुणांत पूर्णत्व मिळवून ‘अवतार’ होणे हेच खेळाडूचे उद्दिष्ट. आणि ही अवताराची कल्पना त्याने हिंदू परंपरेतून घेतली होती.

या गेममध्ये जडीबुटी विकणारी एक आंधळी बाई आहे. माल घेतल्यावर किती नाणी ठेवायची ते खेळाडूने स्वतः टाइप करायचे. एकच नाणे ठेवले तरी ती माल देते, आणि तिथे त्या वेळी काहीही वाईट घडत नाही. गेम मात्र आतल्या आत नोंद ठेवतो आणि बऱ्याच काळाने, प्रामाणिकपणाची कसोटी लागते तेव्हा, खेळाडू तिथे अडतो. आपल्याला कुणी पाहत नाही असे वाटत असताना माणूस काय करतो, हे जोखण्याची इतकी साधी आणि नेमकी युक्ती पुढच्या फार थोड्या गेमना साधली.

पुढे ही लपलेली नोंद उघड झाली. २००३ सालच्या ‘स्टार वॉर्स : नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’मध्ये उजेडाची आणि अंधाराची बाजू मोजणारी पट्टी पडद्यावर दिसू लागली. २००४ मधल्या ‘फेबल’मध्ये पुण्यवान नायकाच्या डोक्याभोवती तेजोवलय येई आणि दुष्टाला शिंगे फुटत. २००७ साली सुरू झालेल्या ‘मास इफेक्ट’ मालिकेत कमांडर शेपर्ड हा अंतराळातला सेनानी ‘पॅरागॉन’ म्हणजे आदर्श व्हायचा की ‘रेनेगेड’ म्हणजे कठोर आणि बेमुर्वत, हे खेळाडूने ठरवायचे. दोन्ही वाटांसाठी वेगवेगळे संवाद लिहिले गेले, वेगवेगळी दृश्ये बांधली गेली. २०२० साली या मालिकेवर काम केलेल्या एका डिझायनरने जाहीरपणे सांगितले, की सुमारे ९२ टक्के खेळाडू पॅरागॉनच्या वाटेने गेले. कठोर वाटेवर घेतलेली मेहनत बहुतेकांनी पाहिलीच नाही.

हा आकडा सुखावणारा आहे, पण त्यावरून शंभरातले ब्याण्णव लोक सज्जन असतात असा निष्कर्ष काढता येत नाही. शेपर्ड हा कथेचा नायक आहे, विश्व वाचवायला निघालेला आहे. ती भूमिका मिळाल्यावर तिला शोभेल असे वागण्याकडे कल होतो. शिवाय चांगुलपणाची इथे किंमत मोजावी लागत नाही. कैद्याला सोडून दिले म्हणून शेपर्डची बंदूक काढून घेतली जात नाही. अमांडा लांग या अभ्यासिकेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हजाराहून अधिक खेळाडूंनी आपल्या सवयी सांगितल्या. बहुतेक जण पहिल्या खेपेस चांगली बाजू घेतात. तोच गेम पुन्हा खेळायला घेतला तर वाईट बाजू कशी आहे ते पाहतात. पहिल्या खेपेचा खेळ मनाच्या ओढीने आणि दुसऱ्या खेपेचा कुतूहलाने, अशी ही ढोबळ विभागणी आहे. ती लक्षात न घेता एखाद्याचा दुसऱ्या खेपेचा खेळ पाहिला, तर त्याच्याविषयी पूर्ण चुकीचे मत होईल.

पहिल्या खेपेतही जे उमटते ते माणसाचे आहे तसे रूप असेलच असे नाही. अँड्र्यू प्रिझबिल्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली मांडलेल्या संशोधनात दिसले, की माणसाला जे व्हावेसे वाटते तसे होण्याची संधी जो गेम देतो, तो त्याला मनापासून आवडतो. प्रत्यक्षात भिडस्त असलेला माणूस पडद्यावर धीट होतो. घरी वैतागणारा तिथे शांतपणे ऐकून घेतो. म्हणजे ‘मास इफेक्ट’च्या त्या ९२ टक्क्यांमध्ये लोकांची वागणूक कमी आणि आकांक्षा जास्त असावी. आकांक्षा हाही मूल्यांचाच भाग आहे. दयाळू असावे असे ज्याला वाटते आणि ज्याला तसे वाटतही नाही, त्या दोघांत फरक आहेच. फक्त तो फरक त्यांच्या रोजच्या वागण्यात किती उतरतो हे गेम सांगत नाही.

खेळाडूची मूल्ये आधी मोजून मग त्याचा खेळ पाहणारा, या विषयातला सर्वांत उपयोगी अभ्यास अँड्र्यू वीव्हर आणि निकी लुइस यांचा. तोही २०१२ मध्येच प्रसिद्ध झाला. त्यांनी ७५ जणांकडून आधी एक प्रश्नावली भरून घेतली आणि मग त्यांना ‘फॉलआउट ३’ या २००८ सालच्या गेमचा पहिला अंक खेळायला दिला. प्रत्येकाचा खेळ रेकॉर्ड केला आणि नंतर मुलाखती घेतल्या. प्रश्नावली होती जोनाथन हाइट यांच्या ‘नैतिक पाये’ या सिद्धान्तावर आधारलेली. माणसाची नैतिक जाण एकाच तत्त्वावर उभी नसून दुसऱ्याची काळजी, न्याय्य वागणूक, आपल्या माणसांशी निष्ठा, अधिकाराचा मान आणि पावित्र्य अशा पाच पायांवर ती उभी असते, आणि प्रत्येकाच्या बाबतीत या पायांचे वजन वेगळे असते, असे हा सिद्धान्त मानतो.

‘फॉलआउट ३’ची निवड विचारपूर्वक केलेली वाटते. अणुयुद्धानंतरची ही गोष्ट २२७७ साली, उद्ध्वस्त वॉशिंग्टनच्या परिसरात घडते. खेळाडू जमिनीखालच्या बंदिस्त आश्रयस्थानात लहानाचा मोठा होतो. दहाव्या वाढदिवसाला बुच नावाचा दांडगट मुलगा त्याच्या हातातला गोड पाव मागतो. देऊन टाकावा, नकार द्यावा, की आणखी काही करावे? प्रसंग पोरवयातला आणि क्षुल्लक, पण खेळाडूची बुचशी ओळख होते ती अशी. काही वर्षांनी आश्रयस्थानात मोठमोठी झुरळे घुसतात, पळापळ होते, आणि हाच बुच खेळाडूपुढे येऊन गयावया करतो : माझी आई आत अडकली आहे, तिला वाचव. खेळाडूलाही त्याच वेळी जीव घेऊन पळायचे आहे. आत जाऊन झुरळांशी लढावे, हत्यार बुचच्या हाती देऊन त्यालाच पाठवावे, की जुना हिशेब आठवून पाठ फिरवावी? गेम यातल्या कोणत्याही पर्यायाकडे बोट दाखवत नाही.

वीव्हर आणि लुइस यांना आढळले, की बहुतेक खेळाडू संगणकाने चालवलेल्या या पात्रांशी जिवंत माणसांशी वागावे तसेच वागले. बुच आणि त्याची आई हे आकडेमोडीतून उभे राहिलेले आकार आहेत हे प्रत्येकाला ठाऊक होते. तरी विचार सुरू झाला तो माणसाविषयी करावा तसा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोण कसा निर्णय घेईल यातला फरक प्रश्नावलीतल्या गुणांवरून सांगता आला. ज्यांनी दुखापत करणार नाही असे निर्णय घेतले ते कोण आणि ज्यांनी घेतले नाहीत ते कोण, याचा माग खेळाआधीच्या कागदावर सापडत होता. आणखी एक निष्कर्ष वेधक आहे. वाईट वागलेल्यांना नंतर अपराधी वाटले, पण त्यामुळे खेळण्याची मजा कमी झाली नाही. अपराधी वाटणे आणि खेळ रंगणे या दोन गोष्टी एकाच मनात शेजारी शेजारी राहू शकतात.

पण याच गेमच्या पुढच्या भागातला एक प्रसंग वेगळे काही सांगतो. आश्रयस्थानातून बाहेर पडल्यावर मेगाटन नावाचे गाव लागते. ते न फुटलेल्या अणुबॉम्बभोवती वसलेले आहे. बॉम्बभोवतीच्या डबक्यात उभा राहून एक धर्मोपदेशक त्याच बॉम्बची स्तुती करत असतो. गावचा शेरीफ लुकास सिम्स बॉम्ब निकामी करण्याची विनंती करतो. तिकडे गुत्त्याच्या कोपऱ्यात बसलेला मिस्टर बर्क तो बॉम्ब उडवून देण्यासाठी पैसे देऊ करतो, कारण दूरच्या मनोऱ्यात राहणाऱ्या त्याच्या धनिक मालकाला हे गाव डोळ्यांत खुपते. एका बटणासरशी अख्खे गाव नाहीसे होते, आणि तो स्फोट मनोऱ्याच्या सज्जातून पाहता येतो. हे दृश्य व्हिडिओ गेमच्या इतिहासात गाजले, आणि ते पाहण्यासाठी पुष्कळांनी आधी गेम सेव्ह केला, बटण दाबले, स्फोट पाहिला आणि सेव्ह केलेल्या जागी परत येऊन बॉम्ब निकामी केला. या खेळाडूंची मूल्ये कोणती म्हणायची? त्यांनी गाव मारले आणि वाचवलेही. खरे पाहता पहिल्या वेळी ते नैतिक निर्णय घेतच नव्हते. गेम काय दाखवतो ते बघत होते.

हा फरक प्रयोगातही दिसला आहे. स्वेन योकेल, निकोलस बोमन आणि लायला डोग्रुएल यांनी २०१२ सालच्या संशोधनात, एखाद्या खेळाडूला नीतीचा कोणता पाया महत्त्वाचा वाटतो हे आधी पाहिले आणि मग त्या त्या पायाचा भंग करण्याची संधी देणारे प्रसंग त्याच्यापुढे ठेवले. जो पाया खेळाडूच्या मनात पक्का होता त्याचा भंग करणे त्याने टाळले. जो पक्का नव्हता, त्या बाबतीत भंग करणे आणि न करणे यांचे प्रमाण जवळजवळ निम्मे निम्मे आले, नाणे उडवावे तसे. म्हणजे ज्याला दुसऱ्याच्या दुःखाची जाण तीव्र आहे तो पडद्यावरही ते दुःख टाळतो. ज्याला ती तितकी नाही, तो ठरवून क्रूर होतो असे नाही, त्याच्या दृष्टीने तो प्रसंग नीतीचा उरतच नाही. ती खेळातली एक चाल होते. मूळ प्रश्नाचे सर्वांत पटणारे उत्तर या निष्कर्षात आहे. गेममधला निर्णय मूल्यांचे प्रतिबिंब असतो, पण खेळाडूने त्या प्रसंगाकडे नैतिक प्रसंग म्हणून पाहिले असेल तरच. आणि तो तसे पाहतो की नाही, हे खेळाडूइतकेच गेमच्या बांधणीवरही अवलंबून असते.

बांधणी फसली की काय होते याचे उदाहरण म्हणून २००७ सालच्या ‘बायोशॉक’कडे पाहता येते. समुद्रतळावरच्या एका शहरात लहान मुलींच्या शरीरात ‘अ‍ॅडम’ नावाचे अमोल द्रव्य साठवलेले असते. मुलीला वाचवले तर खेळाडूला ८० एकक अ‍ॅडम मिळते, तिचा जीव घेतला तर १६०. इथवर पेच खरा आहे, कारण दयेची किंमत निम्मी ताकद आहे. पण दर तीन मुली वाचवल्या की भेट येते आणि तिच्यात २०० एकक असतात. तीन मुली मारून ४८०, तीन वाचवून ४४० आणि वर इतर चिजा. हिशेब जवळजवळ सारखा झाल्यावर दयेला किंमतच उरली नाही. मुलगी वाचवणारा खेळाडू कनवाळू आहे की चोख हिशेबी, हे आता कळायला मार्ग नाही. पुण्याची पट्टी दाखवणाऱ्या गेमचेही तेच होते. पट्टी भरल्यावर नवी शक्ती मिळणार असेल, तर माणूस पट्टी भरण्यासाठी वागतो.

उलट २०१३ सालच्या ‘पेपर्स, प्लीज’मध्ये लुकास पोप या डिझायनरने कुठलीही पट्टी ठेवली नाही. खेळाडू आर्स्टोत्स्का या काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरचा कारकून. साल १९८२. येणाऱ्या प्रत्येकाची कागदपत्रे तपासायची, शिक्का मारायचा, आणि तपासलेल्या माणसामागे तुटपुंजा मोबदला घ्यायचा. दिवसअखेर घरभाडे, जेवण आणि शेगडी यांचा खर्च भागवायचा. घरी बायको, मुलगा, सासू आणि काका आहेत, आणि पैसे कमी पडले तर त्यांपैकी कुणीतरी थंडीने किंवा भुकेने आजारी पडते. रांगेतला एक माणूस सगळी कागदपत्रे बरोबर घेऊन येतो आणि जाताना सांगतो, माझ्यामागे माझी बायको आहे, तिच्याशी जरा दयेने वागा. बायको येते, तिच्याकडे प्रवेश परवाना नाही. तिला सोडले तर चुकीची चिठ्ठी येते. दिवसातल्या पहिल्या दोन चुका नुसत्या ताकिदीवर निभावतात, तिसरीपासून दंड कापला जातो. म्हणजे दिवसाला दोन माणसांपुरती दया परवडते. ती दोघे कोण हे खेळाडूने ठरवायचे, आणि हिशेबाने दमलेल्या डोक्याने, घड्याळ पळत असताना ठरवायचे. इथला निर्णय खेळाडूविषयी कितीतरी अधिक सांगतो, कारण चांगुलपणासाठी त्याला स्वतःच्या पदरचे काहीतरी द्यावे लागते.

पोलंडमधल्या वॉर्सा शहरातल्या ११ बिट स्टुडिओजचा ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) याच जातीचा. सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेल्या या गेममध्ये खेळाडू सैनिक नसून वेढलेल्या शहरातले सामान्य नागरिक असतात. रात्री अन्न शोधायला बाहेर पडल्यावर एका शांत घरात वृद्ध जोडपे सापडते. त्यांच्याकडे अन्न आहे, औषधे आहेत, प्रतिकाराची ताकद नाही. त्यांना लुटले तर कुठला दंड होत नाही. पण लुटणारे पात्र घरी येऊन खिन्न होते, सोबत्यांनाही ते सलत राहते. २०२० साली पोलंडच्या सरकारने हा गेम माध्यमिक शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेत असल्याचे जाहीर केले.

सेव्ह करून मागे जाण्याच्या सोयीवरही एका गेमने उपाय शोधला. टोबी फॉक्सच्या ‘अंडरटेल’मध्ये (२०१५) सुरुवातीलाच टोरिएल नावाची मायाळू व्यक्तिरेखा खेळाडूची वाट अडवते. तिला मारले, मग वाईट वाटून गेम मागे नेला आणि तिला सोडले, तर फ्लोवी हे फुलाच्या रूपातले पात्र खेळाडूला गाठून त्याने आधी काय केले होते ते ऐकवते. केलेले पुसले गेले, तरी कुणीतरी ते पाहिलेले असते.

खेळाडूच्या निर्णयापेक्षा निर्णयानंतर त्याला काय वाटते हे अधिक बोलके आहे, अशी एक बाजू संशोधनातून पुढे आली. टिलो हार्टमन आणि पीटर फॉर्डरर यांनी २०१० च्या सुमारास दाखवून दिले, की नेमबाजीच्या गेममध्ये खेळाडूला अपराधी वाटत नाही यामागे त्याची बधिरता नसून गेमने पुरवलेल्या सबबी असतात. शत्रूचा चेहरा झाकलेला असतो, त्यानेच आधी हल्ला केलेला असतो, आणि कामगिरी न्यायाची असते. माणूस आपल्या मनाचा पहारा कसा सैल करतो याविषयी आल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने मांडलेली उपपत्तीच इथे लागू पडते. या सबबी काढून घेतल्या, म्हणजे छळछावणी बंद करायला आलेल्या सैनिकाऐवजी ती छावणी राखणाऱ्याची भूमिका दिली, की अपराधीपणा वाढतो. आणि ज्यांच्यात सहानुभूती मुळात जास्त आहे त्यांच्यात तो अधिक वाढतो. मॅथ्यू ग्रिझार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली याच्याही पुढची पायरी दाखवली : गेममध्ये वाईट वागल्याने जे अपराधी वाटते, त्यातून खेळाडू काळजी आणि न्याय या दोन बाबतींत उलट अधिक संवेदनशील होतात. मात्र याच गटाच्या २०१७ सालच्या अभ्यासात, तोच गेम पुन्हा पुन्हा खेळल्यावर ही बोच बोथट होत गेलेली दिसली.

समोर संगणकाचे पात्र नसून दुसरा जिवंत खेळाडू असेल तेव्हा चित्र बदलते. सप्टेंबर २००५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेममध्ये ‘करप्टेड ब्लड’ नावाची बाधा चुकून नियोजित जागेबाहेर पसरली आणि गजबजलेल्या शहरांत नवखे खेळाडू पटापट मरू लागले. उपचाराची शक्ती असलेले काही जण मदतीला धावले, काही शहर सोडून पळाले, आणि काहींनी मुद्दाम बाधा घेऊन ती गर्दीत नेली. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी २००७ साली ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये लिहिताना म्हटले, की साथीत माणसे कशी वागतात हे समजून घ्यायला असे प्रसंग उपयोगी आहेत. कोरियातल्या ‘आर्केएज’ या गेमच्या चाचणीत तर खेळाडूंना आधीच माहीत होते, की ११ आठवड्यांनी सगळे पुसले जाणार आहे. ८० हजारांहून अधिक खेळाडूंच्या सुमारे २७ कोटी नोंदी तपासल्यावर दिसले, की शेवट जवळ आला म्हणून सरसकट लूटमार माजली नाही. लोकांनी आपली पातळी वाढवण्याचे काम सोडून दिले, गप्पांतला सूर थोडा आनंदी झाला. हत्या करणारे काही मूठभर निघाले, पण शिक्षेची भीती नसतानाही बहुतेक जण नीटच वागले. गेम म्हणजे हिंसेला मोकळे रान, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही आकडेवारी जरूर पाहावी.

या सगळ्यात ‘खऱ्या आयुष्यातली मूल्ये’ हे माप पक्के आहे असे गृहीत धरले जाते. तेही तपासावे लागते. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात २०१८ साली झालेल्या प्रयोगात लोकांना खऱ्या उंदरांसमोर बसवले. थोड्या वेळात पाच उंदरांना विजेचा वेदनादायक झटका बसणार, पण बटण दाबले तर तो एकाच उंदराला बसेल, असे सांगितले. झटका प्रत्यक्षात कुणालाच दिला नाही. हाच प्रश्न नुसता कागदावर विचारला तेव्हा ६६ टक्के लोक बटण दाबू म्हणाले. पिंजऱ्यासमोर ८४ टक्क्यांनी दाबले. आणि असल्या काल्पनिक पेचांना कोणी काय उत्तर दिले होते, यावरून तो पिंजऱ्यासमोर काय करील हे सांगता आले नाही. म्हणजे माणसाचे बोलणे आणि त्याची कृती यांतच अंतर आहे. गेममधली कृती या दोहोंच्या मधे कुठेतरी बसते. ती नुसत्या उत्तरापेक्षा कृतीच्या जवळ जाते, कारण हात हलवावा लागतो आणि परिणाम डोळ्यांसमोर घडतो. पण ती मागे घेता येते.

प्रवाह उलट्या दिशेनेही वाहतो. २०१४ साली गुनवू यून आणि पॅट्रिक वार्गस यांनी काही जणांना पाच मिनिटे सुपरमॅन म्हणून, तर काहींना वोल्डेमॉर्ट म्हणून खेळायला लावले. नंतर, वेगळाच प्रयोग आहे असे सांगून, पुढच्या अनोळखी माणसाला खायला चॉकलेट की तिखट मिरचीचा सॉस, आणि किती, हे त्यांना ठरवायला दिले. सुपरमॅन झालेल्यांनी चॉकलेट जास्त ओतले, वोल्डेमॉर्ट झालेल्यांनी मिरची. पाच मिनिटांच्या सोंगाचा परिणाम किती काळ टिकतो हा भाग वेगळा, पण खेळाडू भूमिकेला घडवतो तशी भूमिकाही त्याला थोडीफार घडवते.

या संशोधनाची एक मर्यादा भारतीय वाचकाला चटकन जाणवेल. यातले बहुतेक प्रयोग अमेरिका, जर्मनी, नेदरलँड्स अशा देशांत झाले, आणि गेमही मुख्यतः अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये बनलेले आहेत. नैतिक निवड सगळ्या समाजांना एकसारखी वाटत नाही हे गेम विकणाऱ्या कंपन्यांनाही ठाऊक असते. ‘फॉलआउट ३’च्या जपानी आवृत्तीतून मेगाटन उडवण्याचा पर्यायच काढून टाकला गेला, अणुबॉम्ब सोसलेल्या देशात तो पर्याय ठेवणे शक्य नव्हते. भारतात मायक्रोसॉफ्टने २००८ साली, सांस्कृतिक संवेदनशीलतेचे कारण देऊन, आपल्या कन्सोलवर हा गेम आणलाच नाही. गेममधल्या दोन डोक्यांच्या गुरांना ‘ब्राह्मिन’ हे नाव दिलेले आहे, त्यामुळे असे झाले असावे असा तेव्हा सर्वत्र तर्क होता.

हाइट यांच्या पाच पायांपैकी निष्ठा, अधिकाराचा मान आणि पावित्र्य या तिघांची जाण त्यांना पक्की झाली ती ओडिशात. १९९३ साली ते तीन महिने भुवनेश्वरला राहिले होते. तिथल्या लोकांच्या लेखी वडीलधाऱ्यांचा शब्द, घराण्याची रीत आणि शुद्ध-अशुद्ध यांना नीतीत मानाचे स्थान होते, आणि आपल्या अमेरिकी शिक्षणात या गोष्टींना जागाच नव्हती, हे त्यांनी पुढे स्वतः लिहिले. व्हिडिओ गेममधले पेच मात्र अजूनही बहुतांशी पहिल्या दोन पायांवर उभे आहेत : कुणाला इजा करायची आणि कुणाला न्याय द्यायचा. ज्या माणसाची मूल्ये मुख्यतः उरलेल्या तिघांत आहेत, त्याला मेगाटनच्या चौकात आणून उभे केले तर त्यांतली फार थोडी पडद्यावर उमटतील. बाकीच्यांसाठी त्या गेममध्ये पर्यायच लिहिलेला नाही.